वतन, दत्तक, विसार : ख्रिस्ती माणूस ‘एकच देव’ आणि ‘स्वर्गातला वारसा’ म्हणतो तेव्हा

मागच्या पावसाळ्यात माझी मावशी गेली. मिरजेच्या दफनभूमीत तिला माती देताना पाळकांनी बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातला उतारा वाचला. देवाने आपल्याला नवा जन्म दिला तो एका वतनासाठी. ते वतन नाश पावत नाही, मळत नाही, कोमेजत नाही, आणि ते स्वर्गात तुमच्यासाठी राखून ठेवलेलं आहे, असा त्याचा आशय. पाऊस भुरभुरत होता. मागच्या रांगेत छत्री धरून माझा शाळेपासूनचा मित्र उभा होता. तो तासगाव तालुक्यातला. घरची द्राक्षबाग, आणि तिघा भावांत वाटणीचा दावा सुरू. तिघांत हा थोरला.

परत जाताना गाडीत त्याने विचारलं, “मावशींच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती. मग पाळकसाहेब वतन म्हणाले ते कुठलं?” मी उत्तर जुळवत होतो तोवर त्याने दुसरा प्रश्न विचारला. तो बहुधा शाळेपासूनच त्याच्या मनात होता. “आणि देव एकच म्हणता तुम्ही, पण शेवटी आशीर्वाद देताना नावं तीन घेतली. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मग एक की तीन?”

त्या दिवशी त्याच्या पडवीत रात्रीपर्यंत बोलणं चाललं. बोलताबोलता माझ्याच लक्षात आलं की हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. देव एक आहे म्हणजे नेमकं काय, हे कळल्याशिवाय वतनाचा उलगडा होत नाही. आणि हे सगळं समजावायला लागणारे शब्द आपल्या तलाठी कार्यालयात रोज वापरले जातात.

एक म्हणजे किती

सुरुवात येशूच्या घरापासून करू. येशू ज्यू होता आणि त्याचे पहिले शिष्यही ज्यूच होते. धर्म पाळणारा ज्यू माणूस सकाळ-संध्याकाळ एक वचन म्हणतो, ते बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे: हे इस्राएला, श्रवण कर, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असं एका शास्त्र्याने येशूला विचारलं तेव्हा त्याने उत्तराची सुरुवात याच वचनाने केली. म्हणजे ‘देव एकच’ हा विश्वास ख्रिस्ती धर्माने नंतर कुठून उसना आणलेला नाही, तो त्याच्या पायातच आहे.

मराठी बायबलमधला ‘अनन्य’ हा शब्द मला फार आवडतो. ज्याच्याजोगा दुसरा नाही तो अनन्य, आणि ज्याला दुसरा आधार नाही असा भक्तही आपल्याकडे अनन्यशरण म्हणवतो. एकाच शब्दात दोन्ही बाजू आल्या. त्याच्या पुढच्याच वचनात आज्ञा आहे की या देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने आणि पूर्ण शक्तीने प्रीती कर. त्यामुळे हा एकपणा केवळ मोजदादीचा उरत नाही. देव एक आहे म्हणून भक्ताचं मनही एकीकडेच लागायला हवं, असा त्याचा रोख आहे. याकोबाच्या पत्रात तर स्पष्ट बजावलं आहे: देव एकच आहे असं तू मानतोस ना, बरं करतोस, भुतंही तेच मानतात आणि थरथर कापतात.

काही उपदेशक सांगतात की या वचनात ‘एक’ यासाठी जो हिब्रू शब्द आहे, ‘एखाद’, त्याचा अर्थच मुळी ‘अनेकांची मिळून एकी’ असा होतो, म्हणून त्यातूनच त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे सिद्ध होतं. मला हा युक्तिवाद कच्चा वाटतो. नवरा-बायको ‘एकदेह’ होतील या वाक्यात तो शब्द आहे हे खरं, पण एक मेंढरू, एक दिवस, एक माणूस म्हणायलाही हिब्रूत तोच शब्द चालतो. त्रैक्याचा विश्वास एवढ्याशा शब्दावर उभा राहिलेला नाही. तो एका अडचणीतून आला, आणि ती अडचण समजून घेण्यासारखी आहे.

अडचण अशी. कुठल्याही माणसापुढे देव म्हणून डोकं टेकवायचं नाही, प्रसंगी त्यासाठी मरायचं, अशी ज्यांच्या आजोबा-पणजोबांची रीत, तीच माणसं येशूच्या वधस्तंभानंतर आणि पुनरुत्थानानंतर, म्हणजे तो मेलेल्यांतून उठल्यावर, त्याची प्रार्थना करू लागली. येशूचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, इसवी सन ५५च्या आसपास पत्र लिहिलं. त्याच्या आठव्या अध्यायात तो म्हणतो की आपल्याला एकच देव म्हणजे पिता आहे, आणि एकच प्रभू येशू ख्रिस्त आहे. जुन्या वचनात ‘देव’ आणि ‘परमेश्वर’ हे दोन शब्द एकाचेच होते. पौलाने त्यातला एक पित्याला लावला, दुसरा येशूला, आणि तरी ‘एकच’ हा शब्द सोडला नाही. त्याने देवाशेजारी दुसरा देव बसवला नाही. त्या एकाच देवाच्या ओळखीत येशू आहे, असं तो सांगतो. पवित्र आत्म्याबद्दलही पहिल्या मंडळ्यांचा अनुभव तसाच होता. तो नुसती शक्ती किंवा वारं नव्हता. तो बोलतो, शिकवतो, त्याला दुःख होतं.

अनुभव आधी आला, शब्द मागून आले. ‘त्रैक्य’ या अर्थाचा लॅटिन शब्द उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुलियनने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला वापरला. पुढे अलेक्झांड्रियातला अरियस नावाचा पाळक शिकवू लागला की पुत्र फार थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण शेवटी निर्माण केलेलाच आहे. तो नव्हता अशीही एक वेळ होती. त्यावरून एवढा वाद पेटला की सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकेया इथे बिशपांची परिषद बोलावली. हे गाव आजच्या तुर्कस्तानात आहे, इझनिक त्याचं नाव. परिषदेने ठरवलं की पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, जन्मलेला आहे, घडवलेला नाही, प्रकाशापासून प्रकाश. पवित्र आत्म्याविषयीचा भाग ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत विस्ताराने आला.

मित्राने इथे विचारलं, “एवढ्या एका शब्दासाठी एवढं भांडण?” हो, आणि त्याचं कारण वारसा आहे. वाड्यातला कारभारी कितीही थोर असला तरी वाडा तुझ्या नावावर करून देऊ शकत नाही. ते घरचा मुलगाच करू शकतो. येशू निर्माण केलेलाच असेल तर त्याच्याजवळ द्यायला जास्तीत जास्त त्याची कारभारकी आहे. ‘देवाचे वारस’ हे शब्द मग पोकळ ठरतात.

आता रोजच्या घोटाळ्यांकडे येऊ. आमच्या मिरज-सांगलीच्या भागात हे बोलणं निघालं की शेजारी हमखास विचारतात, “म्हणजे आमच्या दत्तासारखंच ना?” औदुंबरला, नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या माणसाला हे सुचणं अगदी साहजिक आहे, आणि प्रश्न आपुलकीचा असतो. तरी दोन्हींत फरक आहे. त्रिमूर्तीत एकाकडे उत्पत्ती, एकाकडे पालन, एकाकडे लय अशी वाटणी सांगितली जाते. ख्रिस्ती विश्वासात अशी खाती नाहीत. जग निर्माण करताना तिघंही आहेत, माणसाला पापातून सोडवताना, म्हणजे तारण करतानाही तिघंही. पिता करतो आणि पुत्र करत नाही, असं एकही काम नाही.

दर्ग्याच्या बाजूला राहणारे माझे मुस्लिम मित्र वेगळं विचारतात: देवाला मुलगा कसा? या शंकेत देवाच्या मोठेपणाबद्दलची खरी आस्था आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. ‘पुत्र’ म्हटल्यावर देवाला बायको होती, अमुक दिवशी मूल झालं, असा अर्थ कुठलाही ख्रिस्ती माणूस घेत नाही, आणि घेत असेल तर तो चुकतो. दिवा पेटला की उजेड असतोच. उजेड दिव्यापासून येतो हे खरं, पण उजेड नसलेला पेटता दिवा एक क्षणही नव्हता. ‘पुत्र’ हा शब्द ते नातं सांगतो. त्यात वयाचा हिशेब नाही.

रविवारच्या शाळेत आम्हाला पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरण द्यायचे. ते मुलांना पटकन कळतं, पण त्यात चूक शिरते. तेच पाणी एकाच वेळी बर्फ आणि वाफ होत नाही, आधी हे मग ते होतं. म्हणजे देव एकच नट आणि तीन सोंगं, असं होऊन बसतं. हे मत तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाने ओळखलं गेलं आणि मंडळीने ते नाकारलं. नाकारण्याचं कारण साधं आहे. यार्देन नदीत बाप्तिस्मा होतो तेव्हा पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि पित्याची वाणी आकाशातून येते आहे, सगळं एकाच घटकेला. गेथशेमाने बागेत येशू रात्री व्याकूळ होऊन प्रार्थना करतो ती स्वतःशीच बोलणं नाही.

त्यातल्या त्यात मला मिरजेचंच एक उदाहरण जवळचं वाटतं. सतारमेकर गल्लीत एखादा कारागीर जवारी लावून तंबोरा छेडतो तेव्हा खोली भरून जाते. पंचमाने भरते आणि षड्जानेही भरते. पंचमाला अर्धी खोली आणि षड्जाला अर्धी, असं होत नाही. प्रत्येक स्वर सगळी जागा व्यापतो, दुसऱ्याला ढकलत नाही, आणि कानाला येतो तो एकच नाद. हे उदाहरणही एका टप्प्यावर सोडावं लागतं, कारण तारा सुट्या करून ठेवता येतात, देव असा सुटा होत नाही. त्रैक्यातली ‘व्यक्ती’ म्हणजे तीन गृहस्थ शेजारीशेजारी बसलेत असं नव्हे. त्यांच्यात तीन मनं, तीन इच्छा, तीन सत्ता नाहीत. असा विश्वास न धरणारे, फक्त पित्यालाच देव मानणारे किंवा येशू हाच पिता म्हणणारे काही पंथही आहेत. मी इथे बहुतेक मंडळ्या, कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, काय मानतात ते सांगतो आहे.

आणि मला स्वतःला याचा सगळ्यात मोलाचा भाग वेगळाच वाटतो. योहान म्हणतो, देव प्रीती आहे. प्रीतीला दुसरं कोणी लागतं. जग निर्माण होण्याआधी देव कुणावर प्रीती करत होता? येशू वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रार्थनेत म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. म्हणजे देवाचा एकपणा हा एकटेपणा कधीच नव्हता. त्या घरात आधीपासूनच माया होती. वारसा मिळतो तो याच घरात.

मावशीचं वतन

आता मित्राचा पहिला प्रश्न. ‘वतन’ हा शब्द सातारा-सांगलीच्या माणसाला शिकवावा लागत नाही. पाटीलकी, कुलकर्णी, देशमुखी. गावचं काम करायचं आणि त्याबदली इनाम जमीन व मान पिढ्यान्‌पिढ्या खायचा. मराठी बायबल करणाऱ्यांनी वारशासाठी हाच शब्द धरला. पण याच शब्दाची दुसरी बाजूही आहे. महार वतन नावाला वतन होतं, प्रत्यक्षात तुटपुंजी जमीन आणि गावाची रात्रंदिवस वेठ. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली ज्यांचं नाव घातलं गेलं त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाच्या कायद्यात सुधारणेचं विधेयक आणलं, आणि ही कनिष्ठ गाववतनं शेवटी १९५८च्या कायद्याने गेली. आमच्या मंडळ्यांतल्या कितीतरी घरांचे पूर्वज याच वेठीतून आलेले आहेत. माझ्या मावशीचेही. तिला ‘वतन’ शब्द वाचताना काय आठवत असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. जे वतन मानेवर जू ठेवतं ते, आणि जे पोर म्हणून मिळतं ते, असे दोन्ही अर्थ तिला एकाच शब्दात दिसत असणार.

बायबलमध्ये वतनाची गोष्ट जमिनीपासूनच सुरू होते. इस्राएल लोकांनी कनान देशात आल्यावर चिठ्ठ्या टाकून वंशावंशांना जमीन वाटून घेतली. पण त्याआधीच, कनानात शिरण्यापूर्वी, पाच बहिणी उभ्या राहतात, सलाफहादच्या मुली. बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का बुडावं, आम्हालाही वाटा द्या, असं त्या मोशेपुढे सगळ्या लोकांसमक्ष मागतात. मोशे प्रश्न देवाकडे नेतो आणि उत्तर येतं: मुली बरोबर बोलतात. आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली आला, आणि तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या अजून घेतल्या जातातच. त्या पाच जणींची हिंमत मला दरवेळी थांबायला लावते.

पण एका वंशाला जमीन मिळालीच नाही. लेवी म्हणजे मंदिराची सेवा करणारा वंश. त्यांना देवाने सांगितलं की तुमचं वतन मीच आहे. त्या काळच्या शेतकऱ्याला हे ऐकून काय वाटलं असेल? रान नाही, विहीर नाही, आणि म्हणे देव हेच वतन. पण पुढे सोळाव्या स्तोत्राचा कवी हेच आनंदाने म्हणतो: परमेश्वर माझा वाटा आहे, माझ्या वाट्याला रमणीय जागा आल्या आहेत. नव्या करारातला स्वर्गीय वारसा याच धाग्याला पुढे नेतो. स्वर्गात प्रत्येकाला एकेक प्लॉट मिळणार असं ते नाही. वतन म्हणजे मुळात देवच.

म्हणून ‘स्वर्गात राखून ठेवलेलं’ याचा अर्थ माणसं ढगांवर बसून राहणार असा करायचा नाही. ख्रिस्ती आशा शेवटी पुनरुत्थानाची आहे. देह उठेल, सृष्टी नवी होईल, आणि प्रकटीकरण या बायबलच्या अखेरच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांत माणूस वर जाताना दिसत नाही, देवाचं नगर खाली उतरताना दिसतं. येशूने तर म्हटलंच आहे की नम्र जन पृथ्वीचं वतन भोगतील. मित्राने मोक्षाचं विचारलं. फरक असा की इथे जन्ममरणाचा फेरा मानलेला नाही, आणि शेवटी माणूस विरघळून जात नाही. मावशी मावशीच राहील.

बाप जिवंत असताना वारसा कसा

माझ्या मित्राने, वाटणीच्या दाव्यात सहा वर्षं घासलेल्या माणसाने, बरोबर कळीचा मुद्दा काढला. “वारसा मेल्यावर लागतो. तुमचा देव तर मरत नाही. मग वारसनोंद होणार कधी?”

याचं उत्तर मला त्याच्याच कायद्यात सापडलं. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्यात मुलगा-मुलगी सारखेच, पण बाप जिवंत असेपर्यंत त्याच्या मिळकतीत कुणाचाच हक्क नसतो. हिंदू एकत्र कुटुंबाचा नियम वेगळा आहे. चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मानेच सुरू होतो, बाप समोर बसलेला असताना. पेत्राचं वाक्य पुन्हा बघा: देवाने नवा जन्म दिला, वतनासाठी. जन्म झाला की हक्क लागला. बाप जिवंत आहे ही यात अडचण नाही, उलट तीच तर खरी मिळकत. स्वतःच्या धर्मपुस्तकातली एक ओळ मला माझ्या मित्राच्या कायद्याने नीट उघडून दिली.

इब्री लोकांस पत्रात मृत्युपत्राचीही भाषा आहे. मृत्युपत्र करणारा मेल्याशिवाय ते अमलात येत नाही, आणि तो मृत्यू ख्रिस्ताचा, असं तिथे म्हटलं आहे. तो मेला म्हणून दार उघडलं, तो उठला म्हणून तो स्वतःही घरात आहे, सोबतचा वारस म्हणून.

‘सोबतचा वारस’ हे पौलाचं रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं म्हणणं. पण आपण मुळात त्या घरचे नाही. तिथे पौल दुसरा शब्द आणतो: दत्तक. आपल्याला दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, आणि त्याच्यामुळे आपण देवाला ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. पौल रोमन साम्राज्यात लिहीत होता. तिथे दत्तक म्हणजे दुय्यम मूल नव्हे. ऑगस्टस हा ज्युलियस सीझरचा दत्तक वारसच होता.

साताऱ्यात हा शब्द वेगळा बोचतो. १८४८ साली छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारले. मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नामंजूर केला आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. डलहौसीच्या काळात या धोरणाखाली गेलेलं ते पहिलं संस्थान. दत्तकविधान झालं, होम झाला, सगळं झालं, पण वर बसलेल्या सत्तेने ते मानलं नाही, आणि वारसा संपला. पौलाचं सगळं म्हणणं याच्या नेमकं उलट टोकाला आहे. इथे दत्तक घेणारा आणि मंजुरी देणारा एकच आहे. त्याच्यावर दुसरी सत्ता नाही, जी उद्या कागद परत पाठवेल. ‘देव एकच’ या विश्वासाचा इथे किती मोठा दिलासा आहे! दोन देव असते तर एकाने दिलेलं दुसऱ्याने खालसा केलं असतं.

गलतीकरांस पत्रात तो सांगतो की या घरात ज्यू आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री असा भेद नाही, सगळेच अभिवचनाप्रमाणे वारस. लेकीसुनांना इथे हक्कसोडपत्र नाही. आमच्या मंडळ्यांत जात गेली असं म्हणायची माझी छाती नाही. लग्नं ठरवताना ती अजून डोकावते, आणि ती डोकावते तेव्हा आपण हा वारसा नाकारतो आहोत असं मला मनापासून वाटतं.

विसार पावती

मग आज हातात काय? इथे तिसरा शब्द येतो, आणि तो ऐकून मित्र हसलाच. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला ‘आपल्या वतनाचा विसार’ म्हटलं आहे. आपल्याकडे म्हणतात तो इसार. व्यवहार ठरला, इसार पावती झाली, खरेदीखत पुढे होईल.

विसाराच्या दोन गोष्टी व्यवहार करणाऱ्याला माहीत असतात. पहिली, विसार दिला की माणूस शब्दात अडकतो. दुसरी, विसार हा ठरलेल्या रकमेतलाच भाग असतो. दहा लाखांचा सौदा ठरला तर विसार पन्नास हजार रुपये असतो, पन्नास हजारांची पेरूची पेटी नसते. पौलाचा शब्द शब्दशः धरला तर अर्थ असा निघतो: आत्मा विसार आहे, म्हणजे पुढे मिळणाऱ्या वतनातलाच तो अंश आहे. आणि वतन तर देव स्वतः. म्हणजे आत्मा देवच असला पाहिजे. देवाने दुसऱ्या कुणाच्या हाती टोकन पाठवलेलं नाही.

त्या अध्यायातल्या तिसऱ्या ते चौदाव्या वचनापर्यंतचा भाग मूळ ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे. पौलाचा श्वासच थांबत नाही. पित्याने आधीच निवडलं, पुत्राच्या रक्ताने खंडणी भरली गेली, आत्म्याचा शिक्का बसला. शिक्का म्हटल्यावर मला मोडी कागदांच्या तळाशी असणारं ‘मोर्तब सुद’ आठवतं. त्यानंतर मजकुरात कुणी काही घुसडू शकत नाही. त्रैक्याची व्याख्या त्या उताऱ्यात कुठेच नाही, पण वतन कसं मिळालं हे सांगायला लागल्यावर तिघांची नावं घेतल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. दफनभूमीत पाळकांनी तीन नावं घेतली ती यासाठी.

साताऱ्यात या विसारावर जगलेला एक माणूस होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या शेवटच्या पर्वात, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला राहून ‘देवाचा दरबार’ उभा करू पाहिला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांची ती संगत. १९१९ साली ते गेले. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांची गीतं आमच्या उपासनेत आजही म्हटली जातात, मावशीच्या दफनविधीतही एक म्हटलं.

रात्री जेवण झाल्यावर मित्र पुन्हा त्याच्या वाटणीवर आला. वडिलांचं रान साडेचार एकर. तिघांत दीड-दीड एकर होणार, पुढच्या पिढीत गुंठ्यांवर येणार. विहीर तेवढी सामाईक, पण तिलाही पाळी आहे. एकाची मोटर चालू तेव्हा दोघांच्या बंद. “तुमच्या वतनात एवढे वारस म्हटल्यावर कुणाच्या वाट्याला काय येणार?”

मी म्हटलं, तंबोऱ्याचं आठव. देवाची वाटणी होत नाही, कारण तो एक आहे. त्याचे तुकडेच पडत नाहीत. मग ज्याला मिळतो त्याला सगळाच मिळतो. शेजारी दुसरा वारस आला म्हणून माझा बांध आत सरकत नाही. या वतनात मोजणी नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, एखादी वाटणीची गोष्ट आहे का तुमच्यात? मी लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या मुलाची गोष्ट सांगितली. धाकटा मुलगा, बाप जिवंत असतानाच, हिस्सा मागतो, परगावी जाऊन सगळा उडवतो, डुकरं चारताना त्यांच्या शेंगांनी तरी पोट भरावं इथपर्यंत येतो आणि परत येतो. बाप धावत सामोरा जातो, अंगठी घालतो, मेजवानी करतो. थोरला रानातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि दाराबाहेरच अडून राहतो. इतकी वर्षं मी राबलो, मला कधी करडूसुद्धा दिलं नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो आणि म्हणतो, बाळा, तू नेहमी माझ्याजवळ आहेस, आणि जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे.

“मग थोरला आत गेला का?” मित्राने विचारलं.

मी म्हटलं, गोष्ट तिथेच संपते. बाप बाहेर उभा आहे, आत गाणं चालू आहे. पुढचं येशूने सांगितलेलं नाही.

तो उठला, पडवीचा दिवा मालवला, आणि म्हणाला, “बाप काय म्हणाला ते परत एकदा सांग.”